उघडल्या दिवसापासून सहा महिने

रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढलेल्या बाईला मुदत म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको होतं. रसायनाची नवी बाटली उघडली की काळ्या मार्करनं तिच्यावर त्या दिवसाची तारीख घालायची आणि तिथून दिवस मोजायचे. हाताखालच्या पोरी तिला मागून ‘तारीखबाई’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आवडतही होतं.

म्हणून बँकेतल्या अधिकारीबाई “तुमचं कर्जाचं मंजुरीपत्र आठ दिवसांपूर्वीच संपलं,” म्हणाल्या तेव्हा तिचं डोकं फिरलं.

“संपेल कसं? हे बघा.” पाकिटावर तिनंच मार्करनं ठळक अक्षरांत लिहिलं होतं : उघडले, एकवीस तारीख. “अजून बारा दिवस आहेत.”

“अहो ताई, ती काय औषधाची बाटली आहे? पत्रावरच्या तारखेपासून सहा महिने. पत्र एक तारखेचं आहे.” बाईंनी फाइल चाळली. “आणि इमारतीचा दुसराच स्लॅब पडत असताना अर्ज कशाला केलात? घर हातात यायला दोन-तीन महिने उरले की करायचा.”

“बिल्डरच्या माणसानं सांगितलं. म्हणाला, व्याजदर वाढतील, आत्ताच करा.”

“तो म्हणणारच. गिऱ्हाइकांची मंजुरीपत्रं दाखवून त्याला स्वतःसाठी पैसा उभा करायचा असतो. आता नवा अर्ज, आजचा दर. महिना तरी धरा.”

महिना! बिल्डरची नोटीस पर्समध्येच होती : अकरा दिवसांत रक्कम भरा, नाहीतर बुकिंग रद्द.

ती भावाकडे राहत होती, आईला घेऊन. आईची कॉट हॉलमध्ये दाराआड, पाहुणे आले की मिटायची. बुक केलेलं दोन खोल्यांचं घर हातचं गेलं, तर कॉट जन्मभर मिटत राहणार होती.

घरी पाय ठेवताच तिनं विचारलं, “वहिनी, बँकेचं पाकीट तेव्हा पंधरा दिवस फ्रिजवर का पडलं होतं?”

“विजेच्या बिलाखाली होतं. हरवलं तर नाही ना?”

“हरवलं असतं तर दुसरं मागितलं असतं!”

“हळू बोल गं, शेजारी ऐकतील,” आई कॉटवरून म्हणाली.

“ऐकू देत.”

पत्रावर तारीख छापलेली असताना आपण पाकिटावर दुसरीच मार्करनं लिहिली, हे मात्र तिनं कुणालाच सांगितलं नाही. तो राग ती गिळून बसली.

दुसऱ्या दिवशी ती बिल्डरच्या ऑफिसात मुदत वाढवून मागायला गेली. विक्रीवाल्यानं गार पाण्याचा ग्लास पुढे केला आणि हसून सांगितलं, “मॅडम, करारातच आहे. तारीख म्हणजे तारीख.”

“हो ना? मग करार काढा. ताबा कधी द्यायचा होता?”

“थोडं मागेपुढे होतंच, मॅडम.”

“दोन महिने उलटलेत!” तिनं टेबलावर फोटो मांडले. अर्ज केल्यापासून दर महिन्याला बांधकामाचा एक, मागे मार्करनं तारीख. “हा चौथ्या महिन्यातला, हा पाचव्यातला. दोन्हीत तीच भिंत, तीच बादली. साधी बादलीसुद्धा हलली नाही! तुमचं झालं की मागेपुढे, आणि माझं झालं की रद्द?”

बाहेरच्या बाकावरचं एक जोडपं उठून दारात आलं. नवऱ्याच्या हातात फाइल होती. “आम्हालाही दुसऱ्याच स्लॅबला अर्ज करायला लावला.”

“मग पत्रावरची तारीख बघा,” ती वळून म्हणाली. “पाकीट कधी फोडलं ते नको, पत्रावरची.”

त्याची बायको बोटं मोजू लागली. विक्रीवाल्याचं हसू ओसरलं. तो “एक मिनिट” म्हणून आतल्या केबिनमध्ये गेला, तो वीस मिनिटांनी कागद घेऊन आला. पैसे भरायला पंचेचाळीस दिवसांची मुदत, सही-शिक्क्यासकट.

तिनं कागद वाचला आणि परत सरकवला.

“कशापासून पंचेचाळीस?”

“अं? आजपासून.”

“मग आजची तारीख घाला. वरती. तुमच्या हातानं.”

त्यानं पेन शोधलं. सापडेना, तेव्हा तिनंच मार्कर पुढे केला.

कागद पर्समध्ये घालून ती बाहेर पडली. नव्या दरानं हप्ता वाढणार होता, तो कुणाच्या बापाकडून वसूल करायचा? ती तडक बँकेत गेली. नवा फॉर्म भरताना तिनं अधिकारीबाईंना विचारलं,

“पत्र टपालानं नाही पाठवायचं. मी न्यायला येईन. कधी येऊ?”