खोली अमरावतीत, किल्ली पुण्यात

ज्या हॉटेलच्या दाराला किल्लीचं भोक दिसत नाही, त्या हॉटेलात माणसानं पाय ठेवू नये. हे मी आज अकोल्याच्या कोणत्याही चौकात छाती ठोकून सांगायला तयार आहे. पण गेल्या मे महिन्यात हे मला सांगणारं कोणी भेटलं नाही, आणि त्यापायी माझ्या भाचीचं लग्न एका दाराला लटकून राहिलं.

लग्न अमरावतीला होतं. नवरी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी, आणि मी तिचा एकुलता एक मामा. आमच्याकडे नवरी अंतरपाटाशी उभी राहते ती मामानं आणलेल्या पिवळ्या साडीत. तिला आम्ही नुसतं पिवळी म्हणतो. नवरदेव आला, वाजंत्री दमले, हजार माणसं अक्षता मुठीत धरून बसली, तरी मामाची पिवळी आल्याशिवाय नवरी काही खोलीतून हलत नाही. ती पिवळी घेण्यासाठी मी अकोल्याच्या कापड दुकानात चार तास गादीवर बसलो होतो. दुकानदारानं पिवळ्या साड्यांचा एवढा ढीग घातला की त्याच्यापलीकडचा दुकानदार दिसेना. त्यानं मला सात कप चहा पाजला. सहाव्या कपाचं काय झालं ते योग्य वेळी सांगीन. बायकोनं शेवटी पहिली दाखवलेलीच साडी घेतली.

बहिणीच्या घरी इतके पाहुणे उतरले होते की आमचे जवाई, म्हणजे बहिणीचे यजमान, स्वतःच्या घरात जिन्यावर झोपत होते. म्हणून आमची सोय मुलानं हॉटेलात केली. तो पुण्यात शिकतो आणि त्याचा पेपर नेमका लग्नाच्या दिवशी आला होता. येता येत नाही या अपराधापोटी त्यानं आईबापासाठी म्हणे एकदम नव्या पद्धतीचं हॉटेल पाहिलं. अपराध त्याचा, शिक्षा आम्हाला!

अकोल्याहून निघालो तेव्हा ऊन असं की बडनेऱ्यापर्यंत बसचे टायर दोन बोटं झिजले. हॉटेलात शिरलो तर गार वारा, चकचकीत फरशी, आणि माणूस कोणी नाही. काउंटरच नाही! जिथं एक ओळखीचं हसू बसलेलं असतं, ‘या साहेब’ म्हणत रजिस्टर पुढं सरकवतं, आणि खिळ्यावरची पितळी बिल्ल्याची किल्ली हातात देतं, जी खिशात टाकली की पँट एका अंगानं झुकते, तिथं एक कुंडी होती. कुंडीशेजारी माणसाएवढा काचेचा पडदा. त्यानं माझं तोंड मागितलं. मी समोर केलं. म्हणे कार्डावरच्या फोटोशी जुळत नाही.

“अजी, हसू नका ना,” बायको म्हणाली. “कार्डावर तुमी हसून नाई राह्यले.”

“मी कुठी हसून राहिलो? माहं तोंडच असं हाये.”

“मंग जराक रागानं पाहा.”

ते मला अवघड नव्हतं. रागानं पाहिल्याबरोबर यंत्रानं मला ओळखलं. वर खोलीपाशी गेलो तर दाराला कडी नाही, कुलूप नाही, भोक नाही. नुसती एक गुळगुळीत काळी मूठ. मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “थांबा बाबा, उघडतो.” पुण्यात त्यानं बोट दाबलं आणि अमरावतीत दार ‘टुंग’ करून उघडलं. बायको दोन पावलं मागं सरली. माझ्या लक्षात आलं की राहणार मी अकोल्याचा, खोली अमरावतीत आणि किल्ली पुण्यात! किल्लीच्या नादानं माणूस तीन जिल्ह्यांत वाटला गेला.

संध्याकाळपर्यंत मी पुण्याला चौदा फोन केले. चहाला खाली उतरलो, फोन. गिला वडा खाऊन आलो, फोन. चष्मा आत राहिला, फोन. चौदाव्याला मुलगा करवादला. “बाबा, ते अ‍ॅप तुमच्याच फोनात घ्या ना. दोन मिनिटांचं काम आहे.”

“जागा नाई माह्या फोनात.”

“गुड मॉर्निंग पुसा.”

हे मला पटणारं नव्हतं. तीन वर्षांचे गुलाब, सूर्योदय आणि वाफाळते कप सोयऱ्याधायऱ्यांनी रोज पहाटे उठून मनापासून पाठवले आहेत. भोक नसलेल्या एका दारासाठी मी आपली माणसं पुसू? माझा हा बाणेदारपणा मला कितीला पडणार होता ते मला माहीत नव्हतं.

“मग नीट ऐका,” मुलगा म्हणाला. “उद्या साडेनऊला माझा फोन बंद होऊन बॅगेत जाईल. साडेबाराला पेपर सुटला की हातात येईल. तेवढ्या वेळात खोलीबाहेर पडायचं तर सामान घेऊन, एकदाच.”

मुहूर्त अकरा चाळीसचा. मी अकराला पिवळी घेऊन एकदाच निघणार. यात चुकायला जागा कुठं होती?

बायको सकाळी सहालाच कार्यालयात गेली, हळदीला. जाताना तिनं टेबलावर पाट नाही म्हणून ट्रे उलटा घातला, त्यावर पिवळी ठेवली, वर नारळ, सुपारी, हळदकुंकू. खोलीचं देवघरच झालं म्हणा. मग तिथं चप्पल घालून वावरणं आलं का? घरच्यासारखी मी चप्पल दाराबाहेर काढून ठेवली. चांगल्या घरचं माणूस दुसरं काय करील? पण हॉटेल बांधणाऱ्यांना चांगल्या घरची माणसं येतील असं वाटलंच नसावं.

सव्वादहाला आंघोळ करून बनियन आणि पट्ट्यांच्या पायजम्यात उभा होतो. बायकोचा फोन आला. “निघाले का?” “निघूनच राहिलो,” असं बोलत बोलत मी दार उघडलं. चपलेचा एक पाय दारातच होता, दुसरा कोणीतरी झाडताना चार खोल्या पुढं सारलेला. गेलो, बोटानं ओढला, आणि पाठीमागं ऐकलं, ‘टुंग’.

दार लागलं होतं. आत पिवळी, झब्बा, पाकीट. बाहेर मी, फोन आणि चप्पल.

“कायचा आवाज आला?” बायकोनं विचारलं.

“देवळात घंटा वाजली,” मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

मुलाचा फोन बंद. तरी मी नऊ वेळा लावला. बापाचा फोन नवव्यांदा आला तर बंद फोनसुद्धा वाजेल अशी माझी समजूत होती. मग दारावर लिहिलेल्या मदतीच्या नंबरावर लावला. आधी बासरी वाजली. पिढ्या उलटतील एवढी बासरी वाजली. मग एक मुलगी हिंदीत म्हणाली, “सर, आपके रजिस्टर्ड नंबर पर ओटीपी भेज दिया है.”

“वो नंबर बैग में है,” मी म्हणालो. “बैग पुणे में है. और मेरी भांजी की शादी यहां है.”

“कांग्रॅच्युलेशन्स सर. ओटीपी बताइए.”

तिला मी माझं तोंड दाखवतो म्हणालो, कार्डाचे आकडे सांगितले, आजोबांचं नावसुद्धा सांगितलं. ओटीपी बताइए! अहो, बँकेतसुद्धा माणूस आधी वर पाहतो, मग नाही म्हणतो.

तसाच बनियनवर खाली आलो. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, “भाऊ, मी फक्त गाड्या लावतो. आतलं समदं मशीन पाह्यते.” आत सोफ्यावर पुण्याकडचे एक गृहस्थ बसले होते, चिखलदऱ्याला निघालेले. त्यांनी माझ्या पायजम्याकडं पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “आम्हाला मात्र ही पद्धत फारच सोयीची वाटते. रांग नाही, कुणाशी बोलावं लागत नाही.”

“कोनाशी बोलाले लागत नाई?” माझा तोल गेला. “मग घरीच राहा ना बापा! माणूस गावाले कायले जाते?”

पलीकडं बियाण्याच्या कंपनीचा एक फिरता विक्रेता चहा पीत होता. तो म्हणाला, “काका, मी महिन्याला दहा दिवस असाच फिरतो. तीन मिनिटांत खोलीत, बरं पडतं. पण मागच्या वेळी मोबाईल टाकीत पडला. खोलीपण गेली, अंथरूणपण गेलं. मी गाडीत झोपलो.” आणि एवढं सांगून तो पुन्हा याच हॉटेलात चहा पीत बसला होता. लोकांना काय झालं आहे कळत नाही. अपमान जलद झाला की त्याला सोय म्हणायचं, असं ठरलेलं दिसतं.

दहा पंचावन्न. बायकोचा फोन. या वेळी मी खरं सांगितलं. ती ओरडली नाही, त्यामुळं मी जास्त घाबरलो. हळूच म्हणाली, “पोट्टी तयार होऊन बसली हाये. बाकीचं समदं घातलं. म्हणून राह्यली, मामा येतेच.”

हे वाक्य ऐकून मी फोन ठेवला. मी वर गेलो. दार फोडावं म्हणून खांदा लावला. दाराला काही झालं नाही. माझा खांदा मात्र अजून पावसाळी हवेत त्या हॉटेलची आठवण काढतो.

“भाऊ, काहून धडका मारून राह्यले?”

चादरी बदलणारी बाई होती. साडीवर हॉटेलचा कोट, पुढं चादरींची गाडी. मी एका दमात सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. अख्ख्या सकाळी मला शेवटपर्यंत ऐकणारं हे पहिलं कोणी!

“माह्यापाशी किल्ली हाये,” ती म्हणाली. “पन आग लागली, नाई तर लाईन गेली, तवाच उघडाची. नाई तर नौकरी जाते.”

“पिवळी अडकली हो बाई आत.”

तिनं चादरींची गाडी भिंतीला लावली. मग म्हणाली, “माह्या लग्नात मामाची बस नांदगावले बंद पडली होती. मी दुपारपावतर बसून होती. नवरी कशी बसते मले मालूम हाये.” तिनं कोटाच्या आतून किल्लीचा काळा गोफ ओढला. “पन खोली तुमचीच कायवरून? सांगा, पिवळीचा काठ कोनता?”

“लाल. बारीक कोयऱ्या.”

“लाल काठ तं अर्ध्या वऱ्हाडात असते. दुसरं सांगा.”

मी कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मग खाली वाकून, देवापुढंही बोललो नसतो असं बोललो. “आतल्या अंगाले, काठाच्या वर, चहाचा डाग हाये. दुकानात माह्या हातून पडला. बायकोले मालूम नाई.”

“नसला तं दार लावून घेईन,” ती म्हणाली, आणि त्या काळ्या मुठीखालची एक टिकली तिनं नखानं बाजूला सरकवली.

खाली भोक होतं! दाराला भोक होतं, आणि पितळी किल्लीचं होतं! यंत्रं, पडदे, पुणे, बासरी हा सगळा तमाशा आमच्यासाठी, आणि खरी किल्ली या लोकांनी गुपचूप ठेवली होती. माझ्या अंगाची एवढी लाही झाली की गार हवेचं यंत्र दोन अंश मागं हटलं असेल.

बाईनं आत जाऊन हात धुतले, नारळ उचलला, साडीची एक घडी उलगडली आणि डाग पाहिला. “हाये,” म्हणाली. “निऱ्यांत दाबाले सांगा, दिसाचा नाई.” मी जेवायला चला म्हणालो. ती म्हणाली, “अजून अकरा खोल्या हायेत,” आणि गाडी ढकलत गेली.

झब्बा अंगात अडकवून कार्यालय मी रिक्षानं गाठलं की रिक्षाला उचलून नेलं, आठवत नाही. अकरा बावीसला पिवळी बायकोच्या हातात दिली आणि तोंड फिरवून म्हणालो, “आतल्या अंगाची बाजू निऱ्यांत दाबजो.”

“सहावा कप ना?” बायको म्हणाली. “मले दुकानातच दिसलं होतं. तुमी कधी सांगता ते पाहून राह्यली होती.”

मुहूर्त टळला नाही. मी पोरीच्या मागं उभा राहिलो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत त्या निऱ्यांकडं पाहत राहिलो. बाईच्या शब्दाप्रमाणं काही दिसलं नाही.

साडेबाराला पुण्याचा फोन. “बाबा, मेसेज आलाय. अकरा पाचला खोली दुसऱ्याच किल्लीनं उघडली. तुम्ही सांगितलं होतं का विचारतात. चोर तर नाही ना? नाही म्हणू?”

“खबरदार! हो म्हण. मीच सांगितलं म्हण.”

त्यानं हो दाबलं. “आता तारे मागतायत. किती देऊ?”

“एक दे. अर्धा देता येत असंल तं अर्धा दे.”

“बाबा, कमी दिले की ते कारण विचारतात. मग चौकशी लागते. दार कोणी उघडलं ते निघेल.”

पंगतीत वाढणाऱ्यानं पानावर टाकलेली बुंदी मी बाजूला सारली. माझ्या आयुष्यात मी खोटं पुष्कळ बोललो आहे, पण ते नेहमी हौसेनं. असं दात खाऊन खोटं बोलायची ही पहिली वेळ.

“पाच दे,” मी म्हणालो. “अन् खाली लिही, व्यवस्था उत्तम.”

तेव्हा अमरावतीला जाल, आणि फोनात एखाद्या हॉटेलापुढं चमचमणारे तारे दिसतील, तर भुलू नका. त्यातले पाच माझे आहेत, आणि पाचही खोटे आहेत. हॉटेलचं नाव मात्र मला विचारू नका. त्या बाईच्या अजून अकरा खोल्या व्हायच्या आहेत.