वेन्शौच्या पोत्यातलं चक्रीफूल

चाओमेई लग्न होऊन त्या डोंगरात आली, तेव्हा चक्रीफुलाच्या उग्र वासाने तिचं डोकं उठायचं. पुढे तो वास तिच्या केसांतच मुरला. नवरा झाडावरून पडून गेला. त्या झाडाची फांदी ठिसूळ, ओल्या दिवसांत तर कुरकुरही न करता मोडते. तेव्हापासून झाडं धाकटा दीर वेन्शौ बघायचा, आणि फळं उकळत्या पाण्यातून काढून अंगणात वाळवायचं काम तिच्याकडे होतं.

त्या वर्षी झाडांना फळच धरलं नाही. तरी वेन्शौ वरच्या रानातून भरलेली पोती आणत राहिला. त्यातली फळं स्वतःच उकळायचा, स्वतःच वाळवायचा. चाओमेई हात लावायला गेली की म्हणायचा, "वहिनी, तुम्ही बसा. दमला असाल." इतकं गोड तो तिच्याशी कधी बोलला नव्हता.

एके सकाळी तो खाली बाजारगावी गेल्यावर तिने पोत्याचं तोंड सोडलं. पाकळ्या बारीक, जास्त दाट, आणि टोकं ससाण्याच्या नखासारखी वळलेली. एक तुकडा जिभेवर ठेवला. गोडवा नाहीच. कडू लागलं, मग जीभ बधिर झाली. हे चक्रीफुलासारख्याच दिसणाऱ्या रानझाडाचं फळ होतं; त्या झाडाखाली गावातल्या शेळ्यासुद्धा जात नसत. ते फळ खाऊन माणसं कशी झटके येऊन तडफडतात, हे सासूनेच तिला कधीकाळी सांगितलं होतं. तिने थुंकून चूळ भरली आणि पोतं पुन्हा बांधलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बदक शिजवलं. वाफाळलेला रस्सा तिघांच्या वाडग्यांत वाढला.

"आज तुमच्या पोत्यातलं टाकलंय, भाऊजी."

वेन्शौच्या हातातल्या जेवायच्या काड्या हवेतच राहिल्या. शेजारी म्हाताऱ्या सासूने वाडगा ओठांना लावला होता. त्याने तिचं मनगट घट्ट धरलं.

"आई, थांब. नको पिऊ."

रस्सा सांडून सासूच्या मांडीवर ओघळला. चाओमेईने आपला वाडगा उचलला आणि शांतपणे पिऊन संपवला. त्यात गेल्या वर्षीचं, तिच्याच झाडाचं फळ होतं.

"खाली बाजारात किती गेलं?" तिने विचारलं.

"थोडंच. चांगल्यात मिसळून." त्याने मान वर केली नाही. "एवढ्याने काही होत नाही, वहिनी."

ती तशीच उठून डोंगर उतरली. व्यापारी ल्यांगने तिचं बोलणं ऐकून घेतलं आणि हातातला चहा खाली ठेवला. माल केव्हाच पुढे गेला होता, औषधांच्या दुकानांत आणि खानावळींत वाटलाही गेला होता. तो फोन लावत सुटला. काही पोती परत आली, काहींचा पत्ता लागला नाही.

थंडीत बातमी आली. दूरच्या एका शहरात लग्नाच्या पंगतीतली माणसं झटके येऊन पडली होती. बाकीची वाचली, नवरीचे आजोबा गेले. ते वेन्शौच्याच फळाने झालं की नाही, हे ठरेपर्यंत वसंत उलटला. चौकशीला आलेल्यांना चाओमेईने सगळं सांगितलं. पोलिसांनी वेन्शौला नेलं तेव्हा सासू दारात उभी होती. ती सुनेला एवढंच म्हणाली, "घरातलं घरात मिटवता आलं असतं."

त्यानंतर सासूने तिच्या हातचं खाल्लं नाही. स्वतःचा भात स्वतः शिजवायची आणि प्रत्येक घासाआधी वाडगा नाकाशी धरून बराच वेळ हुंगत बसायची.