कडुलिंबाखालचा कॅमेरा

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं, पण माझी नोकरी त्याच्यामुळे टिकली.

सातवीत शाळा सोडून मी कोकणातून नागपूरच्या एका छापखान्यात लागलो आणि वर्षभरात कावीळ झाली. बरा झालो, तरी चेहरा पिवळाच. तेवढ्यात आईचं पत्र आलं, ‘फोटो पाठव. आजारी दिसलास तर मामाला न्यायला पाठवते.’

रामदासपेठेत नवा रंगीत स्टुडिओ निघाला होता. सोबती म्हणाले, रंगीतच काढ, हुबेहूब येतो. मला त्या हुबेहूबचीच धास्ती. म्हणून कचेरीसमोर कडुलिंबाखाली लाकडी डब्याचा कॅमेरा मांडणाऱ्याकडे गेलो.

बसवण्याआधी तो गिऱ्हाइकाची हनुवटी उचलून, वांगं पारखावं तसा चेहरा पारखायचा. माझी खालची पापणी त्याने ओढून पाहिली.

“कावीळ झाली होती का गा?”

मी एक पाऊल मागे सरलो.

“घाबरून काहून राहिला? माह्या डब्ब्याले पिवळं समजतच नाही, तो त्याचं काळं करून टाकते. अन् पोरगा काळा झाला म्हणून कोणती माय त्याले वापस बोलावते? इथं ऊन लय तपते, असं लिहून दे.”

डब्याला शिवलेल्या काळ्या कापडी बाहीत हात घालून त्याने फोटो आतल्या आत धुतला. मी कोळशासारखा आलो होतो.

पंधरा दिवसांनी मामाऐवजी टोपी आली. ‘किती काळवंडलास रे. उन्हात हिंडू नको.’

टोपी घालून, पेढे घेऊन मी त्याच्याकडे गेलो. त्याने आधी माझी पापणी ओढली.

“उतरली,” तो म्हणाला. “आता रंगीत काढ. अन् मायले लिही, टोपी लागू पडली.”