रजनीसाठी केलेली प्रार्थना

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही. देवाला सांगायचा प्रश्नच नव्हता — जे काही बोलले ते त्याच्याशीच बोलले होते. तुम्हाला का सांगते आहे, तेही मला नीट कळत नाही.

आमच्या चर्चच्या महिला मंडळात एक पद्धत आहे. जानेवारीत सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि प्रत्येकीने एक उचलायची. जिचं नाव निघेल तिच्यासाठी वर्षभर रोज, गुपचूप प्रार्थना करायची. कोणाला कोण मिळालं ते डिसेंबरच्या सभेत सांगतात. पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्या हाताला रजनीची चिठ्ठी लागली.

रजनी माझी मैत्रीण. स्वारगेटला स्टँडच्या मागे एका खोलीत ती आणि तिचा नवरा राहायचे. बालवाडीत शिकवायची. लग्नाला अकरा वर्षं झालेली, मूल नव्हतं. आणि मी? सदाशिव पेठेत स्वतःचा फ्लॅट, नवऱ्याची सरकारी नोकरी, दोन गुणी मुली. मग हेवा करावा असं तिच्याकडे होतं तरी काय? काही नव्हतं हो — तेच तर. काही नसून ती खूश होती. तिच्याकडे गेलं की कोरा चहा मिळायचा, कारण दूध संपलेलं असायचं, आणि ही बया 'देवाने आज मैत्रीण पाठवली' म्हणून त्याचे आभार मानून मोकळी. माझ्या भरल्या घरात मला तसा एक दिवस आठवत नाही. देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला मी सभेत उभी राहिले की बायका घड्याळ बघायच्या. ती उभी राहिली की डोळे पुसायच्या. जळफळाट व्हायचा माझा, खोटं कशाला बोलू?

तरी मी तिच्यासाठी प्रार्थना करत होते — मार्चपर्यंत अगदी नेमाने. मग तिला दिवस राहिले.

बातमी सांगायला ती आधी माझ्याकडे आली. मी तिला मिठी मारली, शिरा करून खायला घातला. ती गेली, मी कढई घासून ठेवली आणि प्रार्थनेला बसले. आणि — कसं लिहू? — म्हटलं, प्रभू, आता हेही तिलाच? हे तिला देऊ नकोस.

एकदा नाही. रागाच्या भरात तोंडून गेलं असंही नाही. रोज, कित्येक आठवडे, डोळे मिटून, शेवटी येशूच्या नावाने आमेन म्हणून.

सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मुलगी होती.

देव असलं मागणं ऐकत नाही, हे मलाही कळतं. पाळकसाहेबांनी तेच सांगितलं असतं. पण मी मागितलं होतं ना?

डिसेंबरच्या सभेला रजनी आली. नुकतीच हिंडूफिरू लागली होती. तिच्या नावापुढे माझं नाव वाचलं गेलं तशी ती उपकारस्तुतीला उभी राहिली. सात महिने बाळ तिच्याजवळ होतं, त्याबद्दल तिने देवाचे आभार मानले. मग माझ्याबद्दल. म्हणाली, "दवाखान्यात मी जगेन असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं. कोणीतरी मला धरून ठेवलंय असं वाटायचं. धरून ठेवणारी ही होती." आणि माझ्याजवळ येऊन हळूच, "माझ्यासाठी एवढं मागितलंस गं. तुझा विश्वास डळमळू देऊ नकोस." माझी समजूत घालत होती ती! मी ढसाढसा रडले. बायकांनी मला पाणी दिलं.

तेव्हा बोलता आलं असतं. नाही बोलले. नंतर इतके रविवार तिच्या शेजारी बसले, तरी नाही बोलले. तिला पुन्हा मूल झालं नाही.

चार दिवसांपूर्वी तिचा फोन आला. नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. म्हणाली, "बाकी कोणाला सांगितलं नाही. तू प्रार्थना कर, तुझं तो ऐकतो."

मी 'करते' म्हणाले. अजून केलेली नाही. रोज बसते, डोळे मिटते आणि उठते — माझ्या मनातून काय बाहेर येईल, याची मला भीती वाटते. ऑपरेशन उद्या सकाळी आहे.