बिरदेवमामांचा पुदिना

मेंढरांच्या बाबतीत बिरदेवमामांचा हात धरणारा अख्ख्या तामलवाडीत कोणी नाही. कळपातली एखादी मेंढी मान टाकून चालली, की ते लांबूनच ओळखत आणि लगेच तिला वेगळी बांधत. "एकीपायी समद्यांचा घात कशाला?" म्हणत. असा माणूस पुदिन्यापुढं इतका वेडगळ वागला, की शेजारीण असून मला रोज बघून चीड यायची.

पुदिना त्यांच्या बायकोचा, सत्यभामामामींचा. कळपामागं गावोगाव फिरताना घोड्यावर भांडीकुंडी, कोंबड्या आणि पुदिन्याचा एक डबा ठरलेला. तळ पडला की चूल मांडायच्या आधी मामी त्याला पाणी घालत. म्हातारपणी मेंढरं विकून दोघं घरी बसली, तेव्हा त्या एका डब्याची ओसरीवर डब्या-बादल्यांची रांग झाली. आमच्या ताकात पुदिना पडायचा तो तिथलाच. करोनात मामी गेल्या. मूलबाळ नव्हतं. तो पुदिना जगवायचा, एवढंच काम मामांना उरलं.

यंदा श्रावणात कोपऱ्यातल्या डब्यातली पानं पिवळी पडली. उलटून बघितलं तर खालून तांबूस भुकटी, बोटाला लागणारी. तांबेरा. गव्हावर पडतो तसाच.

"मामा, हा डबा लांब न्या," मी सांगितलं. "रोगट काड्या बुडापासून छाटून जाळा, नवा फुटवा येईल. आणि पानांवर पाणी मारू नका."

"व्हय, व्हय," मामा म्हणाले. दुसऱ्या दिवशी बघते तर ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत बसलेले, आजारी माणसाचं अंग पुसावं तसं. तेच फडकं या डब्यातून त्या डब्यात. पालथ्या घड्यावर पाणी! थोड्याच दिवसांत शेजारची बादली पिवळी पडली, मग तिच्या पलीकडची.

एकदा ते देवळात गेलेले पाहून मीच तो पहिला डबा उचलला आणि आमच्या न्हाणीमागं नेऊन ठेवला. परत आल्यावर मोकळी जागा पाहून मामा ओसरीभर डबा शोधू लागले.

"आजारी मेंढी बाजूला बांधत होता ना तुम्ही?" मी तडकून विचारलं. "मग हे काय?"

मामा त्या मोकळ्या जागेपाशी येऊन बसले.

"तिलाबी बाजूलाच ठिवलं व्हतं, सूनबाई. दवाखान्यात. म्या दाराभाईर. बरी झाली की न्या म्हनले. मरताना तिच्यापाशी आपलं कुनी नव्हतं." त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं. "आता कुनालाच बाजूला ठिवायचं न्हाय मला."

स्वतःचीच लाज वाटली. मीच तो डबा परत आणला आणि इतरांच्या मधोमध ठेवला.

पुढं छाटणीचं नाव काढायचा धीर मला झाला नाही. मामा पुसत राहिले, पानं गळत राहिली. दिवाळीपर्यंत डब्यांत नुसत्या वाळक्या काड्या उरल्या. एका सकाळी त्यांनी शेवटची काडी उपटली. मुळंसुद्धा कुजली होती.

"मामा, तुळजापूरच्या बाजारातनं दुसरं रोप आणू का?" मी विचारलं.

त्यांनी मानेनंच नको म्हटलं. रिकामा डबा ते उगीच हातानं पुसत होते.

"समदी संगं गेली," म्हणाले. "एकलं कुनी न्हाय गेलं."