भिंगरीची मोटर

आमच्या कंपनीत तिला सगळे स्पेअरताई म्हणायचे. तिला ते आवडायचं नाही. "मी स्पेअर नाही, मेन आहे," असं प्रत्येक नव्या माणसाला ती एकदा ठणकावून सांगायची आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच नावाला ओ द्यायची.

खरेदी खात्यात तिचं टेबल खिडकीपासून सगळ्यात लांब, झेरॉक्स मशीनच्या शेजारी. बाकीचे लोक नव्या वस्तू मागवायचे. जगाने बनवायच्या सोडून दिलेल्या वस्तू तेवढ्या स्पेअरताईच्या वाट्याला यायच्या. आम्ही चिप बनवतो. मोबाइलमधल्या झगमगीत चिप नव्हेत. गाडीची काच वरखाली करणाऱ्या, वॉशिंग मशीनला "बास, पुरे झालं पाणी" म्हणून सांगणाऱ्या. लग्नानंतर बरीच वर्षं ताईच्या सासूबाईंची समजूत होती की सून बटाट्याच्या वेफर्सच्या कारखान्यात आहे. त्यांचं तरी काय चुकलं? ताई घरी फोनवर "आज पुन्हा वेफर तुटले", "वेफरवर धूळ बसली" असंच बोलायची. आमचे वेफर म्हणजे सिलिकॉनच्या पातळ, आरशासारख्या चकत्या. एकेका चकतीवर शेकडो चिप तयार होतात.

या चिपना मागणी भरपूर, पण त्या बनवणारी आमची मशीनं म्हातारी झालेली. नवी मशीनं मोठ्या चकत्यांसाठी असतात, आमच्या चकत्या लहान. त्यामुळे जुनं मशीन बंद पडलं की नवं आणा म्हणण्याची सोय नाही. ती ज्यांनी बनवली त्यांतल्या काही कंपन्या बुडाल्या, काही विकल्या गेल्या, आणि उरलेल्या फोनवर ओळखही दाखवत नाहीत.

ताई इंजिनिअर नव्हती आणि तसा आवही कधी आणायची नाही. तिचं भांडवल म्हणजे चिकाटी आणि गप्पा. जुनं सामान विकणारे कुठकुठले लोक तिच्या ओळखीचे. कुणाच्या मुलीचं लग्न जमलं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं तिला ठाऊक. आधी विचारपूस, मग काम. शिवाय तिला एक खोड होती. कुठलीही वस्तू हातात आली की ती उलटी करून लेबल बघायचं. "मशीनवाले सगळं स्वतः थोडंच बनवतात? बाहेरून आणतात आणि वर आपलं लेबल डकवतात. खालचं लेबल महत्त्वाचं," असं तिचं म्हणणं. एकदा नणंदेच्या घरी तिने भिंतीवरचं घड्याळ उतरवून पाठीमागून तपासलं होतं. तेव्हापासून कुणाकडे जाताना नवरा तिला आधी बजावायचा, "हात मांडीवर ठेवून बसायचं."

मी तेव्हा कंपनीचं स्टोअर सांभाळायचो. ताईने मिळवलेला माल माझ्याकडे यायचा, त्यामुळे तिच्या बऱ्याच उद्योगांचा मी साक्षीदार आहे. त्यातला भिंगरीचा किस्सा सांगतो.

भिंगरी हे एका मशीनचं आम्ही ठेवलेलं नाव. चकती एका छोट्या तबकडीवर बसवायची, तिच्यावर एक दाट द्रव सोडायचा आणि तबकडी गरगर फिरवायची. द्रव सगळीकडे सारखा पसरतो आणि त्याचा पातळ थर बसतो. भिंगरीला अशा दोन तबकड्या आणि दोन मोटरी होत्या. एके सकाळी डावी मोटर जळली. काम निम्म्यावर आलं, आणि मॅनेजरसाहेब ताईच्या टेबलापाशी दिवसातून इतक्यांदा येऊ लागले की झेरॉक्स काढणाऱ्यांना रांग लावावी लागली.

"मिळेल ना?"

"साहेब, मिळाली की मी ओरडेन. तुम्हाला केबिनमध्ये ऐकू येईल."

मशीन बनवणाऱ्या कंपनीने सांगितलं की हे मॉडेल केव्हाच बंद झालं. ताईने लेबलाखालचं लेबल काढलं, तर मोटर बनवणारे मूळ लोकही आता पंखे बनवत होते. एका व्यापाऱ्याने मोटर पाठवली. ती आधीच जळलेली, वरून रंग दिलेली निघाली. दुसऱ्याने कोऱ्या खोक्याचा फोटो पाठवला. ताईने खोकं उलटं करून फोटो पाठव म्हटल्यावर तो जो गप्प झाला तो झालाच.

शेवटी वाट दाखवली एका पंपवाल्याने. हा जुने पंप विकायचा. म्हणाला, "आमच्या गावाकडे एक चिपचा कारखाना होता, बंद पडला. तिथल्या मेंटेनन्सच्या काकांनी निरोपाच्या वेळी घड्याळ नको म्हणून सांगितलं, त्याऐवजी भंगारातली एक मोटर मागून घेतली. तीच असावी ती."

ताई खरोखर ओरडली.

फोनवर काका तुटक बोलले. मोटर आहे, पण विकायची नाही. "विकू नका, नुसती बघू द्या," ताई म्हणाली, आणि पुढच्याच सुट्टीच्या दिवशी मोटर ओळखायला मला बरोबर घेऊन तिने त्यांचं घर गाठलं.

घर छोटं, टापटीप. दारातच काका उभे होते, शर्टाच्या खिशाला स्क्रू-ड्रायव्हर लावलेला. त्यांनी आम्हाला थेट मागच्या खोलीत नेलं. तिथे एक बुटकं टेबल, टेबलावर गोल तबकडी, आणि तिच्यासमोर स्टुलावर बसून काकू मातीचा कप घडवत होत्या. कुंभाराचं चाकच, पण आवाज म्हणून नाही. नुसती ओल्या मातीवरून फिरणाऱ्या बोटांची सरसर.

"बघा," काका छाती फुगवून म्हणाले. "हिला मातीकामाची आवड. बाजारातली चाकं घरघर करतात. हिच्यासाठी मी स्वतः बनवलं. आत तुमची ती मोटर आहे. पाणी, माती, काही आत जात नाही असं पॅकिंग केलंय."

मी वाकून पाहिलं. मोटर हुबेहूब आमची होती. ताईने पैशांचा विषय काढला, तो काकांनी हात झटकून उडवून लावला. "ही मोटर काढली तर हिला चैनच पडायची नाही. दिवस दिवस बसते इथे. विचारा हवं तर."

काकूंनी मान खाली घातली. "चहा टाकते," म्हणाल्या आणि ताईकडे बघून, "येता का जरा मदतीला?"

स्वयंपाकघरात काय घडलं ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगून टाकतो. काकूंनी दार लोटलं, नळ सोडला, आणि पाण्याच्या आवाजाआड ताईचा हात धरून म्हणाल्या, "घेऊन जा हो ती मोटर! उपकार होतील."

ताईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"अहो, त्या चाकावर कपाशिवाय काही होत नाही. जरा मोठा गोळा ठेवला की ते दमतं आणि थांबतं. इतकी वर्षं मी नुसते कप करतेय. घरात आम्ही दोघं, आणि कप बघा." त्यांनी फळीवरचा पडदा सारला. कपच कप. "शेजारचे लोक मला येताना बघितलं की दार लावून घेतात. मला एक मोठी कुंडी करायचीय. माझं लिंबाचं झाड पत्र्याच्या डब्यात आहे, बिचारं."

"मग काकांना सांगत का नाही?"

"कसं सांगू? कारखाना बंद झाला तेव्हा हे नुसते भिंतीकडे बघत बसायचे. मग एक दिवस ती मोटर काढली आणि कामाला लागले. त्या चाकाने माझा माणूस परत आणून दिला. आता म्हणू की चाक कुचकामी आहे?" काकूंनी नळ बंद करता करता बजावलं, "मी हो म्हटलेलं त्यांना कळता कामा नये. मी थोडी नाराज दिसेन. मनावर घेऊ नका."

चहा घेऊन दोघी बाहेर आल्या. काकूंचा चेहरा असा पडलेला की मला वाईटच वाटलं. ताईने मोटरचं नावही काढलं नाही. कप हातात घेतला (सवयीप्रमाणे आधी खालून बघून) आणि सहज विचारलं, "काका, तुमच्याकडेही ते मशीन पिवळट रंगाचंच होतं का? बाजूला गोल काच असलेलं?"

काकांचा चहा तोंडाशीच थांबला. "तुमच्याकडे ते अजून चालतं?"

"एका पायावर. डावी बाजू बंद आहे."

"बंद पडायच्या आधी शिट्टीसारखा आवाज यायचा का?"

"यायचा!" मी म्हणालो.

"येणारच. खालचा पट्टा जास्त ताणला असणार." काका खुर्चीत पुढे सरकले. मग अर्धा तास आम्ही भिंगरीच्या आवडीनिवडी ऐकल्या. तिला गारठा सोसत नाही, सकाळी थोडा वेळ नुसती फिरू द्यावी लागते, वगैरे. ताई म्हणाली, "तुमच्यासारखं तिला ओळखणारं कुणी आहे कुठे? मोटर मिळाली तरी तुम्ही आलात तरच ती नीट बसेल."

काकांनी चाकाकडे बघितलं, मग काकूंकडे. काकूंनी चष्मा काढून पुसला. "माझं काय," त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "मी राहीन कशीतरी."

"अगं, रडतेस काय! मी तुला दुसरं करून देतो."

"पण ते असं थोडंच होणार?"

"याच्या दुप्पट दणकट करतो!"

"दणकट म्हणजे," काकूंना राहवलं नाही, "मोठी कुंडी वगैरे होईल त्यावर?"

ताईला जोराचा ठसका लागला. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. "कुंडी? हौद कर म्हणतो मी!" असं म्हणत त्यांनी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला.

काका आमच्याकडे आले तेव्हा त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवावा लागला, आतल्या स्वच्छ खोल्यांचा तो नियमच आहे. त्यातून नुसते डोळे दिसत होते, पण भिंगरीसमोर उभे राहिल्यावर ते हसताहेत हे लांबूनही कळत होतं. काम मात्र सोपं गेलं नाही. मोटर बसली, फिरली, पण वेग वरखाली होत होता. पहिल्या चकत्यांवर द्रवाचा थर एका बाजूला जाड बसला. आमचे इंजिनिअर पडद्यावर आकडे बघत होते, काका मशीनच्या अंगाला हात लावून थरथर अजमावत होते. दोघांनी मिळून पट्टा, वेग, तबकडीची पातळी असं एकेक जुळवत नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चकती बाहेर आली ती एकसारख्या रंगाची, म्हणजे थर सगळीकडे सारखा बसलेला. मॅनेजरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. हातमोज्यांमुळे फक्त फटफट आवाज आला.

"तुम्हाला काय देऊ?" साहेबांनी विचारलं. काकांनी आमची जळलेली मोटर मागितली. ती त्यांनी घरी बरेच दिवस खपून, आतली तार नव्याने गुंडाळून सुरू केली आणि माझ्या स्टोअरमध्ये आणून ठेवली. आता ती राखीव आहे. काका आठवड्यातून दोन दिवस आमच्याकडे येतात, आमच्या जुन्या मशीनांची तब्येत बघतात.

नव्या चाकाची मोटर शोधणं हे ताईचं देणं होतं. एका जुन्या वॉशिंग मशीनमध्ये बिनआवाजाची, ताकदवान मोटर असायची, पण ते मॉडेलही बंद झालेलं. ताई म्हणते, भिंगरीपेक्षा जास्त घाम तिथे गाळला. शेवटी गाशा गुंडाळणाऱ्या एका लाँड्रीत मशीन सापडलं. काकांनी चाक बांधलं आणि आम्हाला बघायला बोलावलं.

काकूंची पहिली कुंडी कलंडली होती, दुसरीला तडा गेला होता. तिसरी अंगणात उभी होती, थोडी पोट सुटलेली, आणि तिच्यात लिंबाचं झाड ऐटीत बसलं होतं. काका आम्हाला ती सगळ्या बाजूंनी दाखवत होते.

"तुम्हाला सांगतो, हिला पटवताना माझ्या नाकी नऊ आले. रडली हो त्या दिवशी. पण मी समजूत घातली."

काकू कोपरापर्यंत मातीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, नुसते खांदे हलत होते. ताई एकदम वळून झाडाची पानं निरखायला लागली.

मग काकूंनी तिला ओढूनच स्टुलावर बसवलं. "तुम्हीही एकदा करून बघा. हात ओले करा. हलकेच धरायचं."

ताईने श्वास रोखून गोळ्याला हात लावला. चाकाने वेग घेतला आणि अर्धी माती उडून माझ्या शर्टावर बसली. ताई हसता हसता स्टुलावरून घसरायची बाकी राहिली. काका धावत आले ते चाकाचा वेग कमी करायला, आणि काकू दुसरा गोळा मळायला घेत म्हणाल्या, "हरकत नाही, माती भरपूर आहे."