सत्तावीस पाठकोरे कागद

वैजनाथ पाठक एकतीस वर्षं वकिलांकडं टायपिंग करत आले होते. आधी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. अर्जातली चूक त्यांच्या नजरेतून सहसा सुटत नसे. प्रिंटरला मात्र ते हात लावत नसत. ते ऑफिसातल्या सईचं काम. त्या शुक्रवारी सई परीक्षेला गेली होती आणि तिचा फोन बंद होता.

समोरच्या बाकावर साळूबाई बसल्या होत्या. मूळच्या पाचोडच्या. गुलमंडीत भाजी विकून त्यांनी नाल्याकाठी दोन खोल्या उभ्या केल्या होत्या. त्या पाडायची नोटीस आली होती, आणि उद्या सकाळी जेसीबी येणार होता. वकील प्रेरणा मॅडम कोर्टात थांबल्या होत्या. एक वाजायच्या आत अर्ज दाखल करायच्या खिडकीवर पोचला तरच आज सुनावणी होणार होती.

अर्ज चोपन्न पानांचा, दोन्ही बाजूंनी छापायचा. आपोआप पान उलटणारा मोठा प्रिंटर बंद पडलेला. छोट्यावर आधी एक, तीन, पाच अशी विषम पानं काढायची आणि तेच कागद पुन्हा घालून पाठीवर सम पानं.

वैजनाथांनी विषम पानं काढली आणि गठ्ठा अक्षरं वर ठेवून आत सरकवला. बाहेर आला तो काळा गिचमिडा, अक्षरांवर अक्षरं. पुन्हा विषम पानं काढली. या वेळी कोरी बाजू वर केली. पाठीवर छापलं, पण सगळं उलटं. पान पालटलं की मजकूर डोक्यावर उभा.

रीममध्ये तीसेक कागद उरले होते. नवे मागवायला किंवा बाहेरून छापून आणायला वेळ नव्हता. बारा वीस झाले होते.

फोन वाजला. "काका, निघालात ना?" प्रेरणा मॅडमनी विचारलं.

"निघतोच आहे," वैजनाथ म्हणाले आणि खुर्चीत बसले. "साळूबाई, माझ्याच्यानं होत नाही हो. तुमचं घर माझ्या हातून जाणार."

साळूबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मशीनकडं बघितलं. मग म्हणाल्या, "साहेब, समदे एकदम कशापायी घालता? एकच घालून बघा की."

वैजनाथांनी वाया गेलेल्या पहिल्या गठ्ठ्यातला एक पाठकोरा कागद घेतला. कोऱ्या बाजूच्या माथ्यावर पेन्सिलीनं बाण काढला, ती बाजू वर आणि बाणाचं टोक आत करून घातला. पान निघालं. मजकुराचा माथा बाणाकडंच होता. म्हणजे कोरी बाजू वर, माथा आत.

त्यांनी तिसऱ्यांदा विषम पानं काढली. सत्तावीस कागद, कोरी बाजू वर आणि माथा आत, तसेच उचलून ट्रेमध्ये ठेवले आणि बटणाकडं बोट नेलं.

"थांबा," साळूबाई म्हणाल्या. "वरचा कागुद पयला हाय का?"

वैजनाथांनी वरचा कागद उलटून पाहिला. त्रेपन्नावं पान. त्याच्या पाठीवर दोन नंबरचं छापलं गेलं असतं. साळूबाईंनी गठ्ठा मांडीवर घेतला आणि वरचा कागद खाली, त्यावर पुढचा, असा न पालटता एकेक रचला. पहिलं पान वर आलं. वाचता येत नव्हतं त्यांना, पण एक कागद इकडचा तिकडं झाला नाही.

मशीन एकेक कागद ओढत होतं, आणि दोघं बघत होती. पाठीवर दोन, चार, सहा. चोपन्नावं पान निघालं तेव्हा बारा बेचाळीस झाले होते. वैजनाथ रिक्षानं निघाले. कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं दुसरी प्रत काढून घेतली आणि तिथंच फाईल टाचली.

अर्ज खिडकीवर पडला तेव्हा एकला चार मिनिटं कमी होती. सुनावणी चारनंतर झाली. आठ दिवसांची स्थगिती मिळाली.

वैजनाथांनी कोर्टाच्या पायरीवर साळूबाईंना ते सांगितलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"आन् आठ दिसांनी?"

"परत अर्ज करू," वैजनाथ म्हणाले. साळूबाई मान हलवून बसस्टॉपकडं चालू लागल्या.